धनलक्ष्मीचा मूतखडा

कल्याणमंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत आला होता. दाराशी एक शिष्य चिठ्ठीवर नाव-गाव लिहून घेई, चिठ्ठी पडद्याआड जाई, आणि व्यासपीठावरचे त्रिकालस्वामी डोळे मिटून, कानावरच्या जटा कुरवाळत गरजत, "पित्ताशय! तीन वर्षांपूर्वी! कुंभकोणम!" की समोरची बाई धाय मोकलून रडे आणि गर्दी हात जोडी.

सीतारामरावांनी वाणीला कामातून उठवून इथे आणलं होतं. तंजावूरच्या आसपासच्या दवाखान्यांच्या नोंदी ठेवणारी त्यांची छोटी कंपनी, आणि तिथल्या संगणकांची सगळी जबाबदारी वाणीची. जुने चाळीस संगणक कोठीत पडून होते. असा माल महिनाभर ठेवला तरी भाव उतरतो, म्हणून तिने तिरुचीचा व्यापारी गाठला होता. तो उद्या सकाळी येणार, डिस्क अजून पुसायच्या बाकी, आणि मालक इथे डोळे मिटून उभे!

"सीतारामा!" स्वामी कडाडले. "तुझा जन्म एक जूनचा! तुझ्या कोठीत चाळीस मेलेली यंत्रं आहेत. आत अडकलेली सरस्वती रडते आहे. विकलीस तर घराण्याचा नाश! आश्रमात पाठव, तिरुवैयारूला कावेरीत विसर्जन करू. आणि हो, हार्ड डिस्क काढू नकोस. आत्मा तिथेच असतो."

आत्म्याचा हा पत्ता वाणीला नवाच होता.

पुढची चिठ्ठी वाणीच्या शेजारी राहणाऱ्या जननीची निघाली. महिन्याभरात जननीचं लग्न होतं आणि होणारी सासू तिला खेटूनच बसली होती. "या मुलीला फिट येतात!" स्वामींनी जाहीर केलं. सासू हातभर बाजूला सरकली. जननीची मान खाली गेली. वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि दुसऱ्याच क्षणी तिला आठवलं. जननीच्या आजाराची नोंद चार वर्षांपूर्वी कंपनीच्या संगणकावर तिनेच तपासली होती.

तिने मालकांना ओढतच बाहेर नेलं.

"पाहिलंस नं?" सीतारामराव भारावले होते. "अस्कं ओळखतात, सगळं! जन्मतारीखसुद्धा!"

"सर, चाळीस यंत्रांचं तुम्हीच शिष्याला सांगितलंत. आणि वाढदिवसाचं गोड चक्करपोंगल ऑफिसात कधी वाटता?"

"मार्गळीत, ऐन थंडीत. जन्म मार्गळीतलाच माझा. एक जून शाळेच्या मास्तरांनी दाखल्यावर घातली, नि तिथून अस्क्या कागदांवर, आपल्या संगणकातसुद्धा गेली."

"मग तिन्ही काळ बघणाऱ्याला तुमच्या आईचं बाळंतपण दिसलं नाही आणि मास्तरांची तारीख तेवढी दिसली?"

सीतारामराव हळूच म्हणाले, "अय्यो."

गेल्या विजयादशमीला त्यांनी याच आश्रमाला, गरीब मुलांच्या वर्गासाठी म्हणून, दहा संगणक दिले होते. वाणी डिस्क पुसायला बसली तेव्हा तेच धावत आले होते. "काल आयुधपूजेला चंदन-कुंकू लावलं, सरस्वती बसवली, नि आज तिचं अस्कं पुसतेस? नोको!" सरस्वतीचा मान राहिला, आणि हजारो रुग्णांचे आजार गळ्यात हार घालून आश्रमात पोचले.

"तुम्ही पडद्याजवळ जाऊन उभे राहा," वाणी म्हणाली. "मी एक चिठ्ठी देते."

डोक्यावर पदर घेऊन ती आत गेली. स्वामींचे डोळे मघाशी मिटलेलेच होते, त्यामुळे ओळखण्याची भीती नव्हती. तिने शिष्याला नाव सांगितलं, धनलक्ष्मी. गाव ओरत्तनाडू.

स्वामींनी जटा कुरवाळल्या. "धनलक्ष्मी! डाव्या मूत्रपिंडात खडा! नवरा प्रवीणकुमार! दोन मुलं!"

गर्दी हळहळली.

"खडा अजून आहे का, स्वामी?"

"आहे! आमच्या विभूतीने विरघळेल."

"पण विभूती लावायची कोणाला?" वाणीने पदर मागे टाकला. "धनलक्ष्मी या जगात नाहीच! नव्या मुलींना नोंद कशी करायची ते शिकवायला मीच तिला संगणकात जन्माला घातलं. नवरा मी दिला, मुलं मी दिली, खडासुद्धा मीच घातला!"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. "नास्तिक!" स्वामी ओरडले, पण तोवर सीतारामरावांनी पडदा ओढला होता. आत एक शिष्य तोंडापाशी माइक धरून बसला होता, समोरच्या संगणकावर चंदनाचा वाळलेला टिळा, आणि त्याच्या स्क्रीनवर धनलक्ष्मीची अख्खी कुंडली. स्वामी उठून पळू लागले तशा जटा सरकल्या आणि कानातलं यंत्र खांद्यावर पडलं.

सीतारामराव व्यासपीठावर चढले.

"यांना दिव्यदृष्टी नाही. तुमचे आजार मी न पुसता यांच्या हाती दिले. यंत्रांची पूजा केली, आत ठेवलेल्या माणसांची फिकीर केली नाही. जननी, पोरी, चूक माझी."

जननी सासूसमोर उभी राहिली. "अत्तै, चार वर्षांत एकदाही फिट आली नाही. मी सांगणारच होते. माझ्या तोंडून ऐकायचं होतं तुम्ही."

सासू म्हणाली, "डॉक्टरांचं नाव दे. त्यांना विचारते."

दहा संगणक पोलिसांनी ताब्यात घेतले. चाळीसांच्या डिस्क वाणीने सीतारामरावांना शेजारी बसवून पुसल्या, आणि व्यापाऱ्याचा टेंपो ठरल्या वेळी निघाला.

लोकहो, यंत्राला खुशाल चंदन लावा, त्याने कोणाचं बिघडत नाही. पण ते घराबाहेर काढताना आत कोणाकोणाची गुपितं आहेत ते बघा. आणि कोणी महाराज तुमचा आजार अचूक सांगू लागला, तर पाया पडायची घाई करू नका. आधी त्या सासूबाईंसारखी चौकशी करा. त्याला हे कळलं कुठून, एवढं एकदा विचारून बघा.