शनिवारचा दोरा

"हे कुणाचं रक्त?"

नाजिमाने भरतकामाची रिंग सैल केली, कापड खिडकीकडे धरलं आणि पुन्हा तेच विचारलं. झिरझिरीत ऑर्गंझाच्या पांढऱ्या भागावर दोन ठिपके होते. एक बाजरीच्या दाण्याएवढा, दुसरा त्याहून लहान. दोन्ही वाळून तपकिरी झालेले.

सतरंजीवर बसून धावदोरा घालणाऱ्या मालनबाईंनी मान वर केली नाही. "माजं न्हाई."

"मी तुमचं नाव घेतलं का?"

"खोलीत दोनच मानसं हायत, भाभी. तिसरं ते भिंतीवरचं घड्याळ. त्याला रगात नसतं."

सोमवार होता, दुपारचे पावणेदोन. वारज्यातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर पद्मजा देवस्थळी यांनी दोन खोल्या घेऊन कार्यशाळा केली होती. त्या चित्रं काढत. ती कापडावर उतरवायचं काम या दोघी करत. मशीनचं काम कसब्यातून बसने येणारी नाजिमा करायची, हातशिलाई खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्या मालनबाई. प्रदर्शन बारा दिवसांवर आलं होतं, आणि चार वाजता मॅडम काम बघायला येणार होत्या.

काम आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद होतं. विषय धरणाचं पाणी, पण काठावरून दिसतं ते नव्हे, तळातून वर बघितल्यावर दिसेल ते. सर्वांत खाली गोणपाट. त्यावर जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे, त्यावर रंगवलेली मलमल, मग जाळी, आणि सर्वांत वर ऑर्गंझा. पाचही थर मशीनने एकत्र शिवायचे आणि नंतर अणकुचीदार कात्रीने वरचे थर जागोजागी कापून काढायचे. जिथे पाणी खोल तिथे जास्त कापायचं. शेवटी मालनबाई कापलेल्या कडा हाताने टाचून बसवत. असं काम उसवता येत नाही. एका थराला हात लावला की पाचही थर सुटतात. डाग पडलेली जागा बदलता येणार नव्हती.

"तुम्ही बोटाला टोपण न घालता शिवता," नाजिमा म्हणाली. "मी दहा वेळा सांगितलंय."

मालनबाईंनी उजवं मधलं बोट पुढे केलं. चाळीस वर्षं गोधड्या शिवून त्याचं टोक टाचेसारखं झालं होतं. "हितनं सुई शिरंल कुटनं? शिरली तर तिचाच सत्कार करा."

त्या बोटांचा विषय दोघींमध्ये एकदा होऊन गेला होता. दोन वर्षांपूर्वी मालनबाईंनी मशीनवर बसून बघायची इच्छा दाखवली, तेव्हा नाजिमाने त्यांची बोटं दाबून पाहिली आणि नको म्हणून सांगितलं. या प्रकारच्या भरतकामात मशीनचा, कापड दाबून धरणारा फूट काढून टाकलेला असतो आणि कापड पुढे ओढणारे दाते खाली पाडलेले असतात. कापड कुठे न्यायचं, किती वेगाने न्यायचं हे सगळं दोन्ही हातांवर असतं, आणि सुई बोटांपासून दाण्याएवढ्या अंतरावर मिनिटाला हजार वेळा खाली येत असते. डोळ्यांनी बघून हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. बोटांना आधी कळावं लागतं. ज्याच्या बोटांना कळत नाही त्याने या मशीनवर बसायचं नाही, असं नाजिमा तेव्हा म्हणाली होती. मालनबाईंनी ते ऐकून घेतलं होतं आणि पुन्हा विषय काढला नव्हता.

"चार वाजता मॅडम येतील," नाजिमा म्हणाली. "त्या मला विचारतील. मी काय सांगू?"

"काय सांगायचं ते सांगा. पर आदी थुकी लावा."

ही या धंद्यातली रीत. शिवताना कापडावर रक्त पडलं तर पाणी लावायचं नाही, ज्याचं त्याने स्वतःच्या थुंकीत दोरा भिजवून टिपून घ्यायचं. दुसऱ्याच्या थुंकीने डाग जात नाही, असं कसब्यातले जरीवाले सांगत आणि मालनबाईंच्या गावातल्या गोधडीवाल्या बायकाही सांगत.

मालनबाईंनी पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा केला, तोंडात घोळवला आणि मोठा ठिपका टिपला. तो फिकट झाला नाही. कडेने थोडा पसरला. त्यांनी दुसऱ्यांदा टिपलं. मग गुंडा बाजूला टाकून दिला.

"बगितलं? माजं न्हाई. आता तुमी."

नाजिमा हसली. "माझं असतं तर मला कळलं नसतं का? सव्वीस वर्षांत तीनदा सुई बोटातून गेलीये. तिन्ही वेळा अख्खी गल्ली गोळा झाली होती."

"मंग लावायला काय जातंय?"

काहीच जात नव्हतं, म्हणून नाजिमाने लावलं. लहान ठिपका पहिल्याच टिपण्यात निघाला. मोठ्याला तीनदा टिपावं लागलं. दोरा गुलाबी झाला आणि ऑर्गंझा पांढराच राहिला.

एका माणसाची थुंकी दुसऱ्यापेक्षा वेगळी नसते. मालनबाईंनी आधी भिजवल्यामुळे डाग सुटला असेल, असंही म्हणता आलं असतं. नाजिमा तेच म्हणणार होती. तेवढ्यात मालनबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, त्यांनी तिचा डावा हात धरला आणि खिडकीपाशी नेऊन उलटा केला.

तर्जनीच्या कडेला, नखाच्या खाली, दोन बारीक काळे ठिपके होते. एकातून सुई आत गेली होती, दुसऱ्यातून बाहेर आली होती. दोन्हींच्या मधल्या कातडीखाली एक निळसर रेघ दिसत होती. मालनबाईंनी दोन नखांच्या चिमटीत तिचं टोक पकडून ओढलं. इंचभर दोरा बाहेर आला. गडद निळा, रेशमी.

दोघींनी मशीनकडे पाहिलं. मशीनवर राखाडी दोरा होता. आज सकाळपासून राखाडीच होता. गडद निळ्याचं काम शनिवारी दुपारी संपलं होतं.

नाजिमा स्टुलावर बसली आणि मधला रविवार आठवू लागली. तिने या हाताने कणीक मळली होती. नमाजाआधी हात धुवून पाच वेळा वजू केला होता. सून मेहजबीन माहेरी गेली होती, म्हणून नातवाला, अयानला, आंघोळ घातली होती. पाणी किती गरम आहे ते याच बोटांनी बघितलं होतं. पोर रडलं होतं. साबण डोळ्यात गेला असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"साखर हाय ना तुमाला?" मालनबाई म्हणाल्या.

"पाच वर्षं. गोळ्या चालू आहेत."

"रोजच्या रोज?"

नाजिमाने तो निळा दोरा रुमालात गुंडाळून ठेवला. तिची आई कमरजहां हिचं असंच सुरू झालं होतं. चालता चालता पायातली चप्पल निघून पडायची आणि तिला घरी आल्यावर कळायचं. घरातले हसायचे, तीही हसायची. पहिल्या वर्षी अंगठा काढला. दुसऱ्या वर्षी घोट्यापासून पाय.

"मॅडमना सांगू नका," नाजिमा म्हणाली.

"मी कुनाला सांगती? माज्यावर आत्ता रगताचा आळ होता. त्यातनं सुटू दे आदी."

"चुकलं माझं, मालनबाई."

"ऱ्हाऊ द्या."

पद्मजाताई चार वाजून दहा मिनिटांनी आल्या. चप्पल दाराबाहेर, पर्स खिळ्याला, चष्मा नाकावर, आणि मग कापडासमोर तीन मिनिटं काहीही न बोलता उभ्या. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना ही तीन मिनिटं पाठ होती.

"पाण्याला खोली आलीये," त्या म्हणाल्या. "बघताना भीती वाटते. वाटायलाच हवी. नाजिमाताई, तो डावा कोपरा माझ्यासमोर करा ना. तिथली रेघ मला वाहती हवीये, शाळेतल्या नकाशासारखी नको."

"आत्ता?"

"मुहूर्त बघायचा आहे का?"

नाजिमा मशीनवर बसली. रिंग घट्ट केली, तळवे कापडावर टेकले, पाय पेडलवर ठेवला. रोज ती काम करताना कापडाकडे बघायची, कधी कधी खिडकीबाहेरही. आज ती बोटांकडे बघत होती. डावी तर्जनी कुठे आहे हे बघून घ्यायचं, मग कापड सरकवायचं, मग पुन्हा बघायचं. मशीन थांबत थांबत चाललं. रेघ उमटत होती, पण तुटक, ताठ.

"आज रेघ परीक्षेला बसलीये का?" पद्मजाताई म्हणाल्या. "तुमचा हात नाही हा."

"उजेड कमी हाय, म्याडम," मालनबाई खालून म्हणाल्या. "किती दिसापास्नं म्हनतीया, तिकडं एक ट्यूब लावा."

"उजेड रोजचाच आहे, मालनबाई. आणि पुढची सहा कामं मी हाच हात गृहीत धरून कबूल केलीयेत. दुसरं कोण करणार ती? हं, नाजिमाताई. बघू नका. चालू द्या."

नाजिमाने बघणं सोडलं आणि पेडल दाबलं. मशीनला त्याचा वेग मिळाला. कापड फिरू लागलं. दहा-बारा सेकंद रेघ खरोखर वाहती झाली, पूर्वीसारखी, काठ सोडून खोलाकडे जाणारी. पद्मजाताई "हां" म्हणाल्या.

मग टक्‌ असा आवाज आला आणि मशीन थांबलं.

सुई तुटली होती. वरचा अर्धा तुकडा मशीनमध्ये होता. टोकाकडचा तुकडा कुठे दिसत नव्हता. पद्मजाताईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. मालनबाई उठून उभ्या राहिल्या. दोघींनी नाजिमाच्या हातांकडे पाहिलं, आणि नाजिमानेही त्यांच्याइतक्याच उत्सुकतेने, तितक्याच घाबरून, स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

पद्मजाताईंच्या ते लक्षात आलं. आधी नाही, पण एका क्षणाने आलं.

तुकडा हातात नव्हता. मालनबाईंनी कापडावरून लोहचुंबक फिरवलं तेव्हा तो जाळी आणि मलमल यांच्या मधल्या थरात सापडला. चिमट्याने बाहेर काढायला दहा मिनिटं लागली.

"किती दिवस?" पद्मजाताईंनी विचारलं.

"आजच कळलं."

"उद्या येऊ नका. परवाही नाही. डॉक्टरांचा कागद घेऊन या."

"आणि कोपरा?"

"कोपरा थांबेल," पद्मजाताई म्हणाल्या. त्यांनी पर्स घेतली, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन मशीनचं बटण बंद केलं. वायरही भिंतीतून काढून ठेवली. घरात लहान मूल असलं की बायका काढून ठेवतात तशी.

बुधवारी सकाळी दहा वाजता मालनबाई कसब्यातल्या दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

"तुम्ही कशाला आलात?" नाजिमा म्हणाली.

"तुमी एकट्या आला असता का?"

"आलेच ना."

"हितवर आलात. आत गेला असता का, ते इचारतीया."

डॉक्टर आमोद तरुण होते आणि हळू बोलत. त्यांनी साखरेचे रिपोर्ट पाहिले, तर्जनीवरची भोकं पाहिली, गोळ्यांबद्दल विचारलं. या वेळी नाजिमाने खरं सांगितलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक चपटी डबी काढली. तिच्यात प्लॅस्टिकची काडी होती आणि काडीच्या टोकाला बोटभर नायलॉनचा दोरा, मासे धरायच्या गळाला असतो तसा.

"सोपं आहे," ते म्हणाले. "हात टेबलावर उताणे ठेवा. डोळे मिटा. मी हा दोरा बोटांना टेकवेन. लागला की 'हो' म्हणायचं. नाही लागला तर काही म्हणायचं नाही. घाई नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

नाजिमाने डोळे मिटले. उजव्या करंगळीला दोरा लागला. "हो." उजव्या अंगठ्याला लागला, मुंगी चालल्यासारखा. "हो." मग काही वेळ काहीच नाही. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. डॉक्टर डाव्या हाताकडे वळले असावेत, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ती वाट बघत राहिली. आणखी काही वेळ गेला, काहीच लागलं नाही. पण सव्वीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला ताल समजतो. डॉक्टर दोन स्पर्शांच्या मध्ये किती थांबतात ते तिने उजव्या हाताच्या वेळीच मनात धरून ठेवलं होतं. एक श्वास आत, एक बाहेर, आणि दोरा. तिने एक श्वास आत घेतला, बाहेर सोडला आणि म्हणाली, "हो."

कुणी नाही म्हटलं नाही. तिला धीर आला. पुढचा श्वास झाला. "हो."

मालनबाईंच्या बांगड्या एकदा वाजल्या. नाजिमाने आवाज थोडा चढवला, म्हणजे त्यांनाही ऐकू जावं. "हो." मग थोड्या वेळाने, "हो." आता तिला खरंच काहीतरी लागल्यासारखं वाटत होतं. तर्जनीला, मग मधल्या बोटाला. "हो. हे लागलं. हो."

खोलीत पेनाचा आवाज येत होता. तो बराच वेळ येत असावा.

तिने डोळे उघडले. काडी डबीत परत गेली होती आणि डबीचं झाकण लावलेलं होतं. डॉक्टर लिहीत होते, पान अर्धं भरलं होतं. मालनबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं.

"पुन्हा एकदा बघा, डॉक्टर," नाजिमा म्हणाली. "मी जरा घाई केली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिने डावा हात टेबलावरून पुढे सरकवला, बोटं एकमेकांपासून नीट वेगळी केली, आणि डोळे मिटले.