बंबाशेजारचं भांडं

द्राक्षांची जेली काही केल्या विरघळेना. पातेल्यातल्या मिरचीच्या तांबड्या सॉसमध्ये ती जांभळ्या, थुलथुलीत गोळ्यासारखी तरंगत होती. मर्ना स्टोरले लाकडी चमचा उगारून तिच्याकडे बघत होती. बसच्या पायरीवर हट्टाने बसून राहिलेल्या पोराकडे बघावं तशी. सकाळचे सव्वासहा वाजले होते. बाहेर ऑक्टोबरचा उजेड अजून कच्चा होता आणि मका कापून नेलेल्या शेतांच्या बोडक्या सडांवर पांढरं दहिवर साचलं होतं. शेवटी तिने चमचा ठेवला आणि भिंतीवरच्या फोनला हात घातला.

"आर्लिस, ही दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीयेत."

"सव्वासहा वाजलेत, मर्ना."

"तुम्ही जाग्या असाल म्हणून केला."

"जागीच आहे. सगळी कपाटं रिकामी झालीत. रिकाम्या कपाटांच्या घरात झोप येत नाही. आच कशी आहे?"

"मंद."

"मग तूही जरा मंद हो. येतील ती एकत्र. त्यांना दुसरं कुठे जायचंय?"

"मी काय म्हणते, थोडं लिंबू पिळू का?"

"काही पिळू नकोस."

"मोहरी? चमचाभर?"

"मर्ना, मी हे काम गार्नेटला का नाही सांगितलं, ठाऊक आहे? ती सुधारणा करते. तिची सून तर त्यात मेपलचा पाक घालते. सगळ्याजणींना माझ्या सॉसेजेसमध्ये काही ना काही सुधारायचंय. तुला सांगितलं, कारण तू सांगितलं तेवढंच करतेस. सव्वीस वर्षं तुला बर्फ आणायला सांगितला, तू बर्फ आणलास. कधी वितळलेला आणला नाहीस."

ही स्तुती होती की काय, हे मर्नाला नीट कळलं नाही. पण तिचे कान तापले होते आणि तिला हसू फुटत होतं.

आमच्या नॉरडालच्या चर्चमध्ये कोणत्या बाईने काय आणायचं, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. तरी ते दगडावर कोरल्याइतकं पक्कं आहे. बटाट्याचं सॅलड ओडेगार्डांकडचं, भाजलेल्या घेवड्याची मोठी कढई गार्नेटची आणि करंगळीएवढी गोड-आंबट सॉसेजेस आर्लिस ब्राटव्होल्डची. बारसं असो, लग्न असो, माती देऊन परतलेली माणसं असोत, टेबलाच्या अगदी पहिल्या टोकाला आर्लिसचं विजेचं भांडं तासन्‌तास मंद उकळत असायचं आणि शेजारी टूथपिकांची वाटी. मर्नाने लग्न केलं नाही. ती शाळेची पिवळी बस चालवायची, एकटी राहायची आणि डब्यातलं सूप खायची, असा गावाचा समज होता. समज बराचसा खराही होता. म्हणून तिच्या वाट्याला बर्फ आला होता, आणि कधीतरी कागदी रुमाल.

आणि आता आर्लिस चौऱ्याऐंशीव्या वर्षी लेकीकडे ॲरिझोनाला कायमची निघाली होती. आज उपासनेनंतर चर्चच्या तळघरात तिची निरोपाची पार्टी होती. स्वतःच्या निरोपाला स्वतःच रांधायचं नसतं, एवढंही आमच्यात ठरलेलं आहे. मंगळवारी संध्याकाळी आर्लिसने फोन करून सॉसेजेस तिच्यावर सोपवली, आणि त्या रात्रीपासून मर्ना एखाद्या नवरीसारखी अस्वस्थ होती. आज ते भांडं रिकामं झालं पाहिजे. बस्स, एवढंच तिला हवं होतं. शिल्लक राहिलेलं भांडं उचलून घरी नेणाऱ्या बाईचा चेहरा तिने कितीदा पाहिला होता. आणि आपल्याला घरी न्यायला तसं भांडंसुद्धा नाही, हेही तिला प्रत्येक वेळी जाणवलं होतं.

साडेसहाला जेली हरली. जांभळं आणि तांबडं एकमेकांत उतरलं आणि पातेल्यात एक गडद, चमकदार द्रव संथपणे फिरू लागला. मर्नाने बोटाने चाखून पाहिलं. आधी गोड आलं, मग मागून दबकत आंबट आलं, आणि मग किंचित झणका. "अरे वा!" ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली.

आठ वाजता ती चर्चच्या तळघरात उभी होती. सॉसेजेस आणि सॉस भरलेलं खास विकत घेतलेलं नवंकोरं विजेचं भांडं तिने मोटारीत शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधून आणलं होतं. तळघरात कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या आधी आल्यामुळे तिला सगळ्यात चांगली जागा मिळाली: टेबलाचं पहिलं टोक, आणि भिंतीत कॉफीच्या बंबाशेजारी एक मोकळा प्लग पॉइंट. तिने वायर लावली. लाल दिवा लागला. भांड्याच्या काचेच्या झाकणावर वाफेचा पहिला श्वास धरला, तेव्हा तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

नऊ वाजेपर्यंत बाकीच्या बाया आल्या, आपापली भांडी त्याच भिंतीला लावून, ओठांवर लाली फिरवून वर गेल्या. गार्नेट जाता जाता थांबली.

"अगं बाई, मर्ना! दिवा लागलाय की तुझा."

"तासभर झाला."

"आणि बर्फ?"

"तोही आणलाय. बाहेर पेटीत आहे."

"दोन्ही? वा! आता पुढच्या वेळी प्रवचनही तूच कर."

मर्ना हसली. आज तिला कशाचंही हसू येत होतं.

आमच्या चर्चमध्ये मागचे बाक आधी भरतात. देवाला तोंडावर भेटायला कुणालाच आवडत नाही. मर्ना मागून तिसऱ्या बाकावर बसली. तिच्या पायांशी जमिनीत एक लोखंडी जाळी होती; तळघरातली ऊब त्या जाळीतून वर यायची. आज उबेबरोबर वास येत होता. पहिल्या गीताला तो कोवळा होता, दुसऱ्याला भरदार झाला. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नेल्सने मान वळवून वास हुंगला आणि भुवया उंचावल्या. मर्नाने नजर खाली घातली. आपल्या हातच्या स्वयंपाकाचा वास घेऊन कुणीतरी मान वळवावी, हे सुख तिला पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच भेटत होतं, आणि त्या सुखाचं काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. तिने गीताचं पुस्तक उलटं धरलं होतं.

प्रवचन सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. मर्नाने श्वास घेतला आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पुन्हा घेतला. जाळीतून ऊब येत होती, वास मात्र ओसरला होता. मोठी गर्दी पांगल्यावर रस्त्यावर जसा नुसता उजेड राहतो, तशी नुसती ऊब. सव्वीस वर्षं बसच्या इंजिनाचा आवाज ऐकत गेली होती. काय बंद पडलंय हे तिला आधी कळायचं, का ते मागाहून. प्रवचनाच्या मध्येच उठणं म्हणजे आमच्याकडे फिट येण्याच्या खालोखाल. ती उठली. साठ माना वळल्या.

दाराशी हार्लन उभा होता. दर रविवारी तोच दान गोळा करायचा आणि तोच कॉफी लावायचा.

"बरं नाही का?" तो कुजबुजला.

"वास गेला, हार्लन."

"कसला?"

"सॉसेजेसचा. आणि कॉफीचाही."

"कॉफीचा?" हार्लनचा चेहरा पांढराफटक पडला. जिना तो तिच्या आधी उतरला.

तळघरातले दिवे लख्ख चालू होते, म्हणून वरून कुणाला काही कळलं नसतं. पण भिंतीजवळ शांतता होती. बंब गार पडत चालला होता आणि त्याच्या ओळीतल्या सातही भांड्यांचे लाल दिवे विझले होते. मर्नाने आपल्या भांड्याला हात लावला. दिवस मावळल्यावरच्या दगडाइतकंच कोमट.

हार्लन वायरींच्या मागे वाकला. "हे बंबाशेजारी कुणी लावलं?"

"मी."

"तो पॉइंट बंबाचा आहे, मर्ना. बंब चालू असताना तिथे कुणी काही लावत नाही. सगळा भार एकाच खटक्यावर येतो."

"कुठे लिहिलेलं नाहीये."

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांना ठाऊक आहे."

हार्लन वाईट माणूस नव्हता. बोलल्यावर त्याचं त्यालाच उमगलं. सगळ्यांना. बर्फाला प्लग लागत नाही. तिला कुठून ठाऊक असणार?

विजेची पेटी जिन्याखालच्या कोठीत, नाताळच्या देखाव्यातल्या लाकडी उंटांच्या मागे होती. हार्लनने उंट सरकवले, खटका वर केला. बंब घुरघुरला, सातही दिवे लागले, आणि टक्‌ आवाज होऊन पुन्हा सगळं विझलं.

"काहीतरी एक काढायला हवं," हार्लन म्हणाला. त्याने मर्नाकडे बघितलं नाही. "बंब काढला तर मात्र मला गाव सोडावं लागेल."

वरून शेवटच्या गीताचे सूर झिरपू लागले. मर्नाने त्या ओळीकडे पाहिलं. गार्नेटचा घेवडा, बटाटे, मांसाचे गोळे. मग तिने आपली वायर उपटली, भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीकडे पळाली. होय, पळालीच. मागे खटका बसल्याचा आवाज आला, बंब पुन्हा गुणगुणू लागला.

चर्चच्या सगळ्यात रुंद पातेल्यात तिने सगळं ओतलं आणि आच मोठी केली. मंद व्हायला आता वेळ नव्हता. सॉस खदखदला, उसळला, तिच्या रविवारच्या निळ्या पोशाखावर उडाला. ती ढवळत होती. ती घाबरली होती, आणि त्या भीतीतही एक विलक्षण मजा होती. घसरड्या बर्फावर बस ताब्यात येते त्या क्षणासारखी. सॉस दाट झाला, साखर तळाला धरू लागली, कडेने काळपट तपकिरी पापुद्रे सुटले. जळक्या साखरेचा कडवट, खोल वास उठला. तिने झटक्यात गॅस बंद केला. सॉसेजेसवर लाखेसारखा चकचकीत थर बसला होता.

"शिजतंय की जळतंय?" गार्नेट दारात उभी होती. तिच्यामागे जिन्यावरून पावलं उतरत होती.

"लागलं थोडं."

गार्नेटने पातेल्यात डोकावून पाहिलं. "आर्लिसचं इतकं काळं नसायचं."

"माहीत आहे."

"टाकून दे असं नाही म्हणत मी. असं करूया, भांडं तिकडे लोणच्यांच्या पलीकडे ठेवूया. ज्याला हवं तो घेईल. नाही घेतलं तरी कुणाच्या डोळ्यांवर यायला नको." ती हे मायेने बोलत होती, आणि म्हणूनच ते ऐकायला जड गेलं.

मर्नाने सॉसेजेस पुन्हा आपल्या भांड्यात भरली. लोणच्यांच्या दिशेने ती दोन पावलं गेली. मग थांबली, वळली आणि टेबलाच्या पहिल्या टोकाला जाऊन तिने भांडं ठेवलं. टूथपिकांची वाटी त्याच्याशेजारी. त्यानंतर तिने एका बशीत तीन सॉसेजेस घेतली आणि फुलं लावलेल्या खुर्चीत बसलेल्या आर्लिसपुढे नेऊन उभी राहिली.

आर्लिसने एक उचललं. चावलं. तिचा जबडा सावकाश हलत होता आणि आसपासच्या बाया उगाच कागदी रुमाल सरळ करत होत्या.

"चव बदलली," आर्लिस म्हणाली.

"तळाला लागली. चूक माझीच. मी बंबाच्या शेजारी..."

"चूक कुणाची ते नाही विचारलं मी." तिने दुसरं उचललं. तेही संपवलं. "माझी कधी लागली नाहीत. चाळीस वर्षं शेजारी उभी राहून राखण केली मी. एकदाही लागू दिली नाहीत." तिसरं तिच्या दोन बोटांत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. "एकदा तरी लागू द्यायला हवी होती."

मग तिने मान वळवून, सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हार्लन, उभा काय आहेस? रांग लाव!"

रांग लागली. नेल्सने बशी भरली आणि वाटीतल्या टूथपिकांकडे दुर्लक्ष करून काट्यानेच सुरुवात केली. ओडेगार्डांची सून दुसऱ्यांदा आली, हार्लन तिसऱ्यांदा. हातात वाफाळत्या कॉफीचा पेला घेऊन, कडवट आणि गोड आलटून पालटून. "यात काय घातलंस गं?" गार्नेटने विचारलं. "घाई," मर्ना म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की गार्नेटला डोळे पुसावे लागले.

साडेबाराला भांड्यात एकच सॉसेज उरलं. शेवटचा घास उचलणारा माणूस नॉरडालमध्ये अजून जन्मायचा आहे. गार्नेट आली, तिने सुरीने त्याचे दोन भाग केले, एक घेतला. हार्लनने उरलेल्याचा अर्धा घेतला. पाद्रीसाहेबांनी त्याचाही अर्धा. शेवटी सॉसच्या पातळ डागात नखाएवढा तुकडा राहिला, आणि माणसं त्याच्याकडे आदराने बघून पुढे जाऊ लागली. मर्ना भांड्याच्या मागे उभी होती. तिने स्वतः एकही खाल्लं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

आर्लिसची लेक मोटार सुरू करून बाहेर थांबली होती. कोट, टोपी, हातमोजे घालून आर्लिस सगळ्यांचे हात हातात घेत जिन्यापर्यंत पोहोचली. आणि तिथून परतली. टेबलाच्या पहिल्या टोकाशी येऊन तिने भांड्यात पाहिलं. माणसं वळून बघू लागली. तिने उजव्या हातातला मोजा काढला, दोन बोटांनी तो नखाएवढा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. भांडं रिकामं झालं. जाणाऱ्याला एवढा हक्क असावा, असं त्या क्षणी सगळ्यांनाच वाटलं.

मग तिने बोटं रुमालाला पुसली, मोजा पुन्हा चढवला, आणि त्यातलं एकेक बोट नीट बसेपर्यंत ती मर्नाच्या शेजारी तशीच उभी राहिली.