नमुन्याचं घर

सोनपेठच्या लिंबाजी मिस्तरीला बोलता येत नव्हतं असं नाही, पण कामाविषयी बोलायला लागला की समोरच्याला जांभया यायच्या. कमानीचे दगड कसे बसवतो, गिलावा दोन हातांत कसा ओढतो, हे तो इतक्या खोलात जाऊन सांगायचा की घर बांधायला म्हणून आलेला माणूस हळूच पायात चपला सरकवायचा. मग लिंबाजी अंगणातल्या मातीत काडीनं चित्र काढून दाखवायचा. एकदा त्यानं अशीच एक कमान काढली, तर गिऱ्हाइकाला ती बैलाची शिंगं वाटली आणि बैल विकायचाय का म्हणून त्यानं विचारलं.

खरी अडचण अशी होती की त्याचं काम चाळीस गावांत विखुरलेलं होतं. एका गावी देवळाच्या पायऱ्या, दुसऱ्या गावी विहिरीचं तोंड, तिसरीकडं कुणाच्या तरी माडीचा सज्जा. एवढं सगळं बघत हिंडायला कुणाला वेळ होता? म्हणून शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात भावाशी वाटणी होऊन बाजारतळाजवळची जागा हाती आली, तेव्हा लिंबाजीनं मनाशी ठरवलं. राहायचं घर असं बांधायचं, की ते बघितल्यावर तोंडानं काही सांगायला नको. मिस्तरीला काय काय येतं, हे घरानंच सांगायचं.

आणि त्यानं तसं बांधलं. दर्शनी भिंतीला चार खिडक्या, पण एकीसारखी दुसरी नाही. एक कमानीची, एक दगडी जाळीची, एक साधी गजांची आणि एक पुनवेच्या चंद्रासारखी गोल. गोल खिडकीला गोल फळ्या करून द्यायला सुतारानं साफ नकार दिला, त्यामुळे ती कायमची उघडी राहिली. आत पाय ठेवला की पहिली चार पावलं शहाबादी फरशीवर, पुढची चार लाल कोब्यावर आणि उरलेली फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांच्या फरशीवर. चार भिंतींना चार तऱ्हेचा गिलावा. खोलीच्या मधोमध एक गोल खांब, डोक्यावर कमळ कोरलेला, पण वरच्या छताला टेकायला चार बोटं कमी पडलेला. आणि डाव्या अंगाला जिना. अकरा पायऱ्या, प्रत्येकीची कड निराळी. अकरावी पायरी संपली की समोर भिंत आणि डोक्यावर छत. पायऱ्या दाखवायच्या होत्या, वर जायचं नव्हतं, असं लिंबाजीचं म्हणणं. दारावर त्यानं सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आजवर केलेल्या मोठ्या कामांची यादी कोरली, ती शेवटी शेवटी जागा संपल्यानं बारीक होत गेली.

गृहप्रवेश झाल्यावर त्यानं बायकोला विचारलं, घर कसं वाटलं? बायनाबाईनं नारळाचं खोबरं किसता किसता एकदा चारी बाजूंना बघितलं.

"घर लय चांगलं हाय," ती म्हणाली. "पण आपून राहायचं कुठं?"

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. बाजाराच्या दिवशी तर माणसांची रीघ लागायची. बायनाबाई जेवायला बसली की कुणीतरी ताटामागची भिंत बोटानं वाजवून बघायचा. न्हाणीला मुद्दाम नक्षीचं दार लावलेलं, तेही लोक उघडून बघायचे, त्यामुळे तिनं अंघोळीची वेळ पहाटेवर नेली. सून-सासू मिळून आलेल्या बायका कोनाडे मोजायच्या. नऊ कोनाडे होते, नऊ मापांचे, आणि एकातही घरातला डबा मावत नव्हता. पण गिऱ्हाइकं वाढली, हेही खरं. कुणी येऊन नुसतं बोट दाखवायचा, हा कोबा पाहिजे, ही जाळी पाहिजे. लिंबाजीला तोंड उघडावंच लागत नव्हतं. त्याला वाटलं, जिंदगीत आपण एक हुशारीचं काम केलं.

पुढच्या हिवाळ्यात पोखर्णीचे व्यंकटराव आले. मोठे बागाईतदार, थोरल्या पोराचं लग्न ठरलेलं, नवं घर बांधायचं होतं. सकाळच्या एस.टी.नं यायचं, तासाभरात घर बघायचं आणि दुपारच्या गाडीनं माघारी, असा त्यांचा बेत होता. पण त्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीसाठी बंद पुकारला गेला, रस्ते अडले, आणि दुपारची गाडी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. व्यंकटराव दोन दिवस लिंबाजीच्या घरात मुक्कामाला राहिले.

करायला काही नाही म्हटल्यावर माणूस घर तरी किती बघणार? व्यंकटरावांनी ते अगदी कसून बघितलं. सकाळी जाळीच्या खिडकीतून फरशीवर पडलेल्या उन्हाच्या ठिपक्यांत बसून त्यांनी चहा घेतला. दुपारी खांबाला पाठ लावून डुलकी काढली. संध्याकाळी जिन्याच्या सातव्या पायरीवर चढून बसले, तिथून गोल खिडकीतून अख्खा बाजारतळ दिसायचा. त्याच खिडकीतून शेजारणीची मांजर आत यायची, तिची आणि त्यांची दोस्ती झाली. बायनाबाईकडून त्यांनी सुतळी मागून घेतली आणि जागोजागी ताणून गाठी मारून ठेवल्या. लिंबाजी मनात खूश होता. एवढं बघणारा माणूस निवडही दांडगी करणार.

तिसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. व्यंकटरावांनी धोतर झटकलं.

"मालक, मंग यातलं काय काय पसंत पडलं?" लिंबाजीनं विचारलं.

"समदं."

"चारी खिडक्या?"

"खिडक्या न्हाई रे. घर. हाय तसं उचलून मला पोखर्णीत बांधून दे."

लिंबाजीला आधी ते थट्टा करताहेत असं वाटलं. मग त्यानं समजावून सांगायला सुरुवात केली, म्हणजे जे करायची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून त्यानं हे घर बांधलं होतं, तेच. "मालक, हे नमुने हायेत. कापडाच्या दुकानात ठाणं लटकवलेली असतेत का न्हाई, तसं. समद्या ठाणांचा मिळून एक सदरा कुणी शिवतं का?"

"तू तर घालून बसलास की," व्यंकटराव म्हणाले.

लिंबाजी जास्त बोलला असता तर चांगला माल स्वतःला ठेवून आपल्याला साधं घर गळ्यात बांधतोय, असा व्यंकटरावांचा समज झाला असता. तो होऊ लागलाच होता. लिंबाजीनं थापी, ओळंबा, गुण्या पोत्यात भरले आणि तो पोखर्णीला गेला.

चार महिने काम चाललं. लिंबाजीनं आपल्या परीनं मालकाला वाचवायचा प्रयत्न केला. खांब बांधताना त्यानं गुपचूप चार बोटं वाढवली आणि तो छताला नीट टेकवला. व्यंकटराव आले, त्यांनी खांबाच्या डोक्यावर हात घालून बघितला, हात जाईना. सुतळी काढून गाठी मोजल्या. लिंबाजीला कमळ पाडून पुन्हा बांधावं लागलं. जिन्याच्या वर त्यानं छतात माणूस जाईल एवढी जागा मोकळी सोडली होती, म्हणजे पुढंमागं पायऱ्या वाढवून माळवदावर तरी जाता येईल. व्यंकटरावांनी मान वर करून त्या भोकाकडं बघितलं.

"तुज्या घरी इथून आभाळ दिसतं का?"

"न्हाई, मालक."

"मग बुजव."

एक दिवस मालकीणबाई, पार्वतीबाई, काम बघायला आल्या. पदर सावरून त्या अकरा पायऱ्या चढल्या, भिंतीशी उभ्या राहिल्या आणि तशाच उतरल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मिस्तरी, ह्यो जिना कुठं जातो?"

लिंबाजीनं मालकाकडं बघितलं.

"सोनपेठात बी कुठं जात न्हाई," व्यंकटराव म्हणाले, आणि विषय तिथंच संपला.

लिंबाजीला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्याच्या घरातल्या चुका हौसेनं, अंदाजानं झालेल्या होत्या. इथं त्याच चुका दुसऱ्यांदा, ओळंबा लावून, मापात कराव्या लागत होत्या. वास्तुशांतीला सारा गाव जमेल, लोक हसतील आणि मिस्तरी कोण म्हणून विचारतील, या फिकिरीनं तो अर्धा झाला.

वास्तुशांतीला सारा गाव जमला. कुणी हसलं नाही. व्यंकटरावांचं घर म्हणजे हसण्यासारखं असणारच कसं? लोक जिन्यावर चढले, भिंतीला हात लावून उतरले आणि काम मजबूत आहे म्हणाले. पोखर्णीच्या नरसिंहाच्या दर्शनाला आलेली परगावची माणसं शनिवारी शनिवारी तेही घर बघून जाऊ लागली. वर्षाच्या आत राणीसावरगावहून व्यंकटरावांचे मेव्हणे सूर्यभान यांचा निरोप आला. घर दाजींसारखंच पाहिजे, फक्त जिन्याला एक पायरी जास्त.

तो निरोप ऐकून लिंबाजी उठला, कोपऱ्यातली पहार घेतली आणि स्वतःच्या जिन्यापुढं उभा राहिला. मूळच मोडलं तर पुढची नक्कल तरी थांबेल, असा त्याचा हिशेब. बायनाबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं त्याला अडवलं नाही, नुसतं विचारलं, हे काय करायलाव? त्यानं सांगितलं.

"मोडा," ती म्हणाली. "पण बाजारात काय सांगतील ते ऐकायची तयारी ठिवा. मिस्तरीचं स्वतःचंच घर पडलं म्हणतील."

लिंबाजीनं पहार भिंतीला टेकवली आणि खालच्या पायरीवर बसला. मग लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्यानं तिला गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, तुला कसं घर पाहिजे?

बायनाबाईनं विचार करायला वेळ घेतला नाही. उत्तर तिच्याजवळ तयार होतं. आतून कडी लागेल असं दार. चुलीवर उजेड पडेल अशी एक खिडकी, तिला फळ्या. एक सरळ फळी, डबे मावतील एवढी. बास.

मागच्या मोकळ्या जागेत त्यानं तीन आठवड्यांत ती खोली उभी केली. दाखवायचं काहीच नव्हतं, म्हणून की काय, हात कसा मोकळा चालला. कोपरे गुण्यात आले, गिलावा एकाच हातात बसला, चुन्याचे दोन हात दिल्यावर भिंती दुधासारख्या दिसायला लागल्या. चुलीची जागा बायनाबाईनं स्वतः खडूनं आखून दिली आणि काम चालू असताना दोनदा पुसून पुन्हा आखली. तो मुकाट्यानं दोन्ही वेळा थांबला.

सूर्यभानचं घर त्यानं पुढं बांधलंच, बारा पायऱ्यांसकट. पण त्याआधीच्या एका बाजाराच्या दिवशी दोघं मागच्या खोलीत जेवायला बसले होते. पुढच्या घरात कुण्या गावची चार-पाच माणसं शिरली होती. गोल खिडकी चांगली का जाळीची, यावर त्यांचा वाद जुंपला होता, आणि एकजण मिस्तरी कुठं आहेत म्हणून हाका मारत होता. लिंबाजी सवयीनं उठायला लागला. बायनाबाईनं उठून दाराला कडी घातली, पुन्हा चुलीशी येऊन बसली आणि त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली. हाका चालूच होत्या. लिंबाजीनं भाकरी मोडली आणि तो जेवायला लागला.