थंडीची बाटली

माझा मेहुणा नासिर दुबईहून पेणला आला आणि सगळ्यांदेखत त्यानं माझ्यापुढे दोन महागड्या सेंटच्या बाटल्या ठेवल्या. अत्तरातलं मला सगळं कळतं, अशी फुशारकी मी लग्नापासून मारत आलोय.

"एक उन्हाळ्याची, एक थंडीची. वास घेऊन तुम्हीच ओळखा, दुल्हाभाई."

रोह्याच्या कंपनीत बावीस वर्षं केमिकलच्या टाक्यांवर काढली, आता मला कसलाच वास येत नाय. हे मी कुणाला सांगितलेलं नाय. कंपनीला कळलं तर घरी बसवतील. गॅस सुटला की तिथं आधी नाकालाच कळतं.

मी दोन्ही हुंगल्या. काळी बाटली उचलून ठसक्यात म्हणालो, "ही थंडीची. ऊद हाय."

"अहो, तिच्यात मी रॉकेल भरलंय!" नासिर पोट धरून हसला. सगळे हसले. माझी बायको हमिदासुद्धा.

माझं डोकं फिरलं. त्याची मान धरून मी त्याला भिंतीवर आपटलं आणि दुसरी बाटली त्याच्या तोंडावर फोडली. गाल ओठापर्यंत फाटला. तो पडला तरी मी लाथा घालतच होतो. हमिदा किंचाळत आली, पण नाकाला ओढणी लावून खोकत मागे सरली. एवढा वास सुटला होता.

मी खाली बसलो, त्याच्या भिजलेल्या शर्टात नाक खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाय.

नासिर माझ्याकडे बघत होता. फाटक्या ओठांनी म्हणाला, "तुम्हाला वासच येत नाय?"

मी त्याच्या नाकातोंडावर हात दाबला, आणि तो हात उचलला नाय.