तोळ्याला तोळा

"लिहून घ्या," पंचफुलाबाई म्हणाल्या. "माझी पणजी सकवार. नरखेडकडे दुसऱ्यांच्या वावरात निंदण करता करता गेली. स्वतःच्या नावाची वीतभर जमीन नव्हती. तिची लेक, म्हणजे माझी आजी, पार्वतीबाई. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून पायी नागपूरला आली, दीक्षा घेतली आणि पुन्हा त्या गावाच्या वेशीत पाय ठेवला नाही. पार्वतीबाईंची लेक यमुना, ती माझी आई. गिरणीत सूत गुंडाळून तिनं मला शिकवलं. आणि मी पंचफुला. महानगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यातून कारकून म्हणून निवृत्त. झालं लिहून?"

समाजसेविका प्रीती नुकतीच नोकरीला लागलेली होती. तिचं पेन मध्येच थांबलं.

"आजी, मला खरं तर प्रेमानंदजींच्या वडिलांकडची माहिती हवी होती."

"तीही सांगते. वामनराव फार सज्जन गृहस्थ होते. पण मूल या घरात येईल ते माझ्या नजरेखाली वाढेल. म्हणून आधी माझी माहिती."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या थोरल्या मुलानं, प्रेमानंदानं, मान खाली घालून हसू दाबलं. नागपूरच्या नंदनवन भागात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं; शेतकऱ्यांचे जळालेले पंप तो दुरुस्त करून देई. त्याची बायको भावना एसटीत कंडक्टर होती, नरखेडच्या फेरीवर. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, मुदतठेव मोडून झाली, त्यावर कर्जही झालं. शेवटी एका संध्याकाळी भावना अंगावरचा खाकी गणवेश न उतरवताच सासूसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, आता मले टोचून घ्यायचं नाही. आपण लेकरू दत्तक घेऊ." पंचफुलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अर्ज कुठं करावा लागते?"

त्या अर्जामुळेच आज प्रीती घर पाहायला आली होती.

"मूल कोणत्या जातीतलं, कोणाच्या पोटचं, हे तुम्हांला कधीच कळणार नाही," ती जपून म्हणाली. "पुष्कळ घरांत नंतर त्यावरून वाद होतात."

"आमच्या घरातली ती चौकशी माझ्या आजीनं बंद केली," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी चार वर्षांची होते तेव्हा."

निघताना त्यांनी रीतीप्रमाणे संत्र्यांची पिशवी पुढे केली. प्रीती गडबडली, घरभेटीत काही घ्यायचं नाही असा नियम होता. पंचफुलाबाईंच्या कपाळावर आठी चढली आणि लगेच उतरली.

"बरोबर आहे. मीही खुर्चीत असताना कधी काही घेतलं नाही. मग न्यायचं नाही, इथं बसून खायचं. बसा खाली."

प्रीती मुकाट्यानं बसली आणि दोन संत्री खाऊन गेली.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. प्रतीक्षायादीतला क्रमांक मुंगीच्या पावलांनी सरकत होता. शेजारपाजारच्या बायका विचारत, "आलं का वं लेकरू?" आणि भावना तिकीट फाडल्यासारखं झटकन उत्तर देई, "सीट खाली झाली की येते." तीन वर्षं अशी गेली. आणि एका दुपारी काटोलच्या स्थानकावर गाडी उभी असताना तिच्या मोबाइलवर फोटो आला.

घरी आल्यावर तिनं तो सासूच्या हाती दिला. तीन वर्षांची मुलगी होती, ओडिशातल्या एका संस्थेत. डोळे टपोरे. वरच्या ओठावर शिवणीची खूण. जन्मतः ओठ दुभंगलेला होता, तो शिवला होता. टाळूची शस्त्रक्रिया अजून बाकी होती.

"पाहून कशी राहिली पाहा ना," भावना म्हणाली. "जशी मीच तिचं तिकीट काढाले विसरली."

महिनाभरात होकार कळवून मुलीला घेऊन यायचं होतं. नाहीतर तिचं नाव पुन्हा यादीत जाणार होतं, दुसऱ्या कोणासाठी. रात्री प्रेमानंद वहीत आकडे जुळवत बसला. सकाळी त्यानं आईपाशी सगळं मांडलं. संस्थेचं शुल्क होतं. तिकडे दोघांनी जाऊन राहायचं होतं. लेकरू रुळेपर्यंत भावनेला रजा घ्यावी लागणार होती, आणि ती सगळी पगारी मिळेल याचा भरवसा नव्हता. टाळूचं काम चांगल्या डॉक्टरकडे करायचं तर त्याचा खर्च वेगळा. आणि दवाखान्याच्या कर्जाचे हप्ते तर अजून चालूच होते.

"पैसा नाही असं म्हणून नाही राहिलो, आई," तो म्हणाला. "पण आत्ता नाही."

"उन्मेषले बोलाव," पंचफुलाबाई म्हणाल्या.

उन्मेष धाकटा. इंजिनिअर, बायको मिनल, प्रताप नगरात फ्लॅट, दाराशी गाडी. रविवारी तो आला, चहा प्याला, फोटो पाहिला आणि हळूच मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

"वहिनी, राग नको मानू. पण इतका पैसा लावायचा, आणि लेकरू असं? ऑपरेशन एकानं होते का? बोलणं साफ येईल का नाही, कोण सांगते? आणि कोणाची आहे, काय आहे, काही पत्ता नाही. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी लोक जात विचारतील, तेव्हा काय सांगशीन?"

"जे मी पॅसेंजरले सांगते तेच," भावना म्हणाली. "पुढं सरका."

प्रेमानंद हसला, पण पंचफुलाबाई हसल्या नाहीत.

"उन्मेष, माझ्या आजीनं जे ओझं दीक्षाभूमीवर टाकलं, ते तू परत उचलून माझ्या घरात आणलंस काय गा? बाहेर ठेवून ये ते. चपला जिथं काढल्यास तिथं."

उन्मेष ओशाळला. "तसं नाही म्हटलं मी, आई. खर्चाची गोष्ट करून राहिलो."

"मग खर्चाचीच करू. तुझी ॲडमिशन झाली तेव्हा फी कशी भरली होती, आठवते?"

उन्मेषनं भावनेकडे पाहिलं. भावना खिडकीकडे पाहू लागली. तिला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. वामनराव अंथरुणाला खिळले होते, फीची मुदत संपत आली होती, आणि पंचफुलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे तरी हात पसरला होता, तोही नव्या सुनेपुढे. भावनेनं माहेरची पोत आणि गोठ रुमालात बांधून दिले. वजनानं पाच तोळे. त्या वेळी पंचफुलाबाईंनी बुद्धाच्या तसबिरीसमोर शब्द दिला होता: तोळ्याला तोळा परत करीन. त्यानंतर दर वर्षी काही ना काही आडवं येत गेलं, आणि भावनेनं तोंडातून कधी चकार शब्द काढला नाही.

"मी कुठं नाही म्हणतो?" उन्मेष म्हणाला. "पन्नास हजाराचं सोनं होतं ते. उद्याच पाठवतो पन्नास हजार. वरून दहा अजून."

"पन्नास हजाराचं नव्हतं. पाच तोळ्याचं होतं."

"आई, तेव्हाचा भाव आणि आताचा भाव! पाच तोळे म्हणजे आज पाच लाखाच्या वर जाते. असा हिशोब कोण करते?"

"मी करते. सोनं घेतलं तर सोनंच द्यावं लागते. भाव वाढला म्हणून देणं लहान होते काय?"

"मिनलले विचारावं लागीन. फ्लॅटचा हप्ता आहे, पोराची शाळा..."

"नको विचारू तिले," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "शब्द मी दिला होता, तू नाही. देणं माझं आहे. तू चहा घे अजून."

उन्मेष गेल्यावर भावना स्वयंपाकघरात सासूजवळ येऊन उभी राहिली.

"आई, राहू द्या. मी नाही कळवून टाकते. तिले दुसरं घर भेटीन, चांगलं."

"आणि तुले?"

ओट्यावर सांडलेलं पीठ भावना बोटानं गोळा करीत राहिली.

"उद्या ड्यूटी नको घेऊ," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मायासोबत इतवारीले चाल."

इतवारीत गिरिधर सोनाराच्या दुकानात त्यांनी दोन्ही हात पुढे केले. दोन्ही मनगटांत सोन्याच्या पाटल्या होत्या, नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत पै पै साठवून केलेल्या. वामनराव गेले तेव्हा गल्लीतल्या काही बायका हातातली काकणं उतरवायला आल्या होत्या. "माझ्या कमाईच्या आहेत, मरणाला दाखवायला नाहीत," असं म्हणून पंचफुलाबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हापासून त्या पाटल्यांना कोणी हात लावला नव्हता.

गिरिधरनं साबणाचं पाणी लावून पाहिलं. हाडं जाड झाली होती, पाटल्या अंगठ्यापाशी अडत होत्या.

"काकू, कापाव्या लागतीन. मोडीचाच भाव येईन मग."

"काप."

"आई!" भावनेनं त्यांचा दंड धरला. "काहून असं करून राहिल्या तुम्ही? मी मागितलं काय कधी?"

"मागितलं असतंस तर अठरा वर्षं लागली नसती. सोड हात. त्याले काम करू दे."

कातरीचा बारीक आवाज झाला. पाटल्या वाकवून काढल्या तेव्हा त्यांच्याखालची कातडी फिकट, लहान मुलाच्या अंगासारखी मऊ निघाली. पंचफुलाबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या काट्याकडे पाहत होत्या.

"किती?"

"पाच तोळ्याले थोडं कमी आहे, काकू. सव्वा ग्रॅम. चालते एवढं. सरळ रक्कम करून देऊ का?"

"रक्कम नको. तिच्या पाच तोळ्यांचं वजन पुरं कर." त्यांनी पदर मागे सारला, एका कानातली कुडी सोडवली आणि काट्यावर ठेवली. आकडे हलले.

"झालं, काकू. वरून दोन गुंजा जास्तच."

"त्या व्याजाच्या. आता उचल ते काट्यावरून."

"हे तर तुम्ही मलेच विकून राहिल्या ना? मग काट्यावरून उचलायचं कशाले?" गिरिधरला काही उमजेना.

"मी तुला काही विकत नाही," पंचफुलाबाई कचेरीतल्या आवाजात म्हणाल्या. "मी हिचं देणं देते आहे. हिच्या हातात दे. पुढे विकायचं की ठेवायचं ते ही ठरवेल. तिचं सोनं आहे."

गिरिधरनं पाटल्यांचे तुकडे आणि कुडी लाल कागदावर ठेवून भावनेपुढे केली. तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून ते सोनं घेतलं. क्षणभर ते वजन तिनं नुसतं धरून ठेवलं. मग डोळे पुसले आणि गर्दीच्या गाडीत आवाज चढवतात तशा आवाजात म्हणाली, "भाऊ, आजचा भाव बोला. आणि नीट बोला, मले ओडिशाले जायचं आहे."

पंचफुलाबाई उठल्या. दुकानाच्या पायरीवर दुसऱ्या कानातली कुडीही त्यांनी काढून कनवटीला लावली. एकच ठेवणं त्यांना बरं दिसेना. मग डोक्यावर घ्यायला उचललेला पदर तसाच खांद्यावर राहू दिला, आणि मोकळे कान, मोकळे हात घेऊन भर इतवारीतून त्या ताठ मानेनं चालू लागल्या. आता त्या कोणाचं काही देणं लागत नव्हत्या.