तिसऱ्याची खोली

शिफ्रा आणि नहुमच्या संसारात आन्शेलही राहायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. खोल्या कमी, जोडपी जास्त, एकटे त्याहून जास्त. म्हणून किबुत्झने, म्हणजे सगळं सामायिक असलेल्या त्या शेतवस्तीने, ठरवलं होतं की प्रत्येक जोडप्याच्या खोलीत एक एकटा माणूस ठेवायचा. त्याला सगळे ‘प्रायमस’ म्हणत, कारण प्रायमस स्टोव्हलाही पाय तीनच. आन्शेल मधमाश्या सांभाळायचा आणि फार सभ्य होता. दिवा मालवला की भिंतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात जाहीर करायचा, “मी झोपलोय!” त्यानंतर कोणालाच काही सुचत नसे.

शिफ्राला एकच हवं होतं. एक दार, आणि आत फक्त दोन माणसं.

तिने ते सभेत मागितलं.

“आधी गोठा,” खोल्या वाटणारी झेल्डा म्हणाली.

गोठा सिमेंटचा झाला होता. दलदल उपसून काढलेल्या त्या जमिनीवरची ती पहिली पक्की इमारत. गायी अजून बोटीवर होत्या. माणसं पत्र्याखाली.

दुसऱ्या दिवशी शिफ्राने गादी उचलली, नहुमला उठवलं आणि गोठ्यात बस्तान ठोकलं. झेल्डा धावत आली.

“अगं, ही गायींची जागा आहे!”

“त्या आल्या की उठते.”

“त्यांना तुमचा वास नाही चालायचा.”

“मग त्यांनी सभेत हात वर करावा.”

सभा भरली. माणूस दुभता नसतो, असा मुद्दा एकाने गंभीरपणे मांडला. शेवटी गायी येईपर्यंत राहू द्यायचं ठरलं. शिफ्रा जिंकली. त्याच संध्याकाळी आन्शेल वळकटी घेऊन गोठ्याच्या दारात उभा.

“समितीने पाठवलंय,” तो ओशाळून म्हणाला. “जिथे जोडपं, तिथे तिसरा. मी गव्हाणीत झोपेन.”

नहुम हसून हसून लोळला. शिफ्रा हसली नाही.

“आन्शेल, तुला तरी आवडतं का रे हे?”

“मला? बाई गं, लग्न तुमचं झालं तेव्हापासून मी सोंग करतोय. खरी झोप कशी असते तेच विसरलो.”

“मग उद्या पँट वर दुमड. चिखल तुडवायचाय. विटा पाडू.”

दुसरा दिवस शनिवार, सुट्टीचा. दुपारपर्यंत वस्तीतले सगळे प्रायमस चिखलात उतरले. त्रास फक्त आपल्यालाच होतो, असं जोडप्यांना इतके दिवस वाटत होतं.

“परवानगी कोणाची?” झेल्डाने विचारलं.

“सुट्टीची.”

काही शनिवारांत एक खोली उभी राहिली. सभेने ती सर्वांत जुन्या जोडप्याला दिली, म्हणजे झेल्डा आणि तिच्या नवऱ्याला. नहुम जेवला नाही. शिफ्राने भोजनगृहात दुसऱ्यांदा सूप वाढून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विटांचा साचा उचलला.

“गेली ना तुझी खोली?” कोणीतरी डिवचलं.

“एक गेली. माती कुठे संपलीय?”

गायी आल्या, गोठा त्यांना मिळाला, शिफ्रा पत्र्याखाली परतली. दर शनिवारी भिंत चढत राहिली. खोल्यांची एक ओळ झाली, मग दुसरी सुरू झाली, आणि त्या दुसऱ्या ओळीत तिचा नंबर लागला. शेजारची खोली एकट्या आन्शेलची. मधली भिंत जेमतेम एका विटेच्या जाडीची. शेवटी शेवटी सगळेच घाईत होते.

पहिल्या संध्याकाळी शिफ्राने दार ओढून आतून कडी घातली. आत ती आणि नहुम. तिने दिवा मालवला.

भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, “मी झोपलोय!”

“झोप रे बाबा,” शिफ्रा म्हणाली. “आता खरंच झोप.”