नवरदेवाची थंड गाडी

थंड गाडीची टूम त्र्यंबकाचीच. घरात कोणी मागितली नव्हती, मुलाकडच्यांनी तर अशी काही चीज जगात असते हेही ऐकलं नव्हतं. पण मागल्या वर्षी सुमतीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि तेही कशावरून, तर नवरदेवाला आणायला गेलेला टांगा वाटेत अडकला, मुहूर्त टळला आणि वराच्या आत्याबाईंनी तिथल्या तिथे पाट उलटा केला. तेव्हापासून कल्याणातल्या बायका सुमतीकडे बघून आवाज खाली आणायच्या. या खेपेला बहिणीच्या लग्नात वाहनावरून कोणी नाक मुरडता कामा नये, असं त्र्यंबकानं मनाशी घट्ट ठरवलं होतं.

तो ठाण्याला एका इंजिनिअरिंग कारखान्यात काँप्रेसरच्या खात्यात होता. कारखान्याच्या साहेबांनी अमेरिकेहून एक लांबलचक गाडी आणवली होती आणि तिच्या पोटात हवा गार करणारं यंत्र होतं. ते यंत्र रुसलं की त्याची समजूत काढायला अख्ख्या ठाण्यात एकटा त्र्यंबक. त्या पुण्याईवर साहेबांनी गाडी एका दिवसासाठी दिली आणि चालवायलाही त्यालाच सांगितलं. निघताना नानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, एवढंच बजावलं होतं की मुलाकडचे काय म्हणतील त्याला हो म्हण, आपलं शहाणपण गाडीत घेऊन जाऊ नकोस. मुहूर्त गोरज होता आणि या मोसमातला शेवटचा. पुढे शुक्राचा अस्त, मग चातुर्मास. हा हुकला की सुमतीच्या कपाळी कायमचा शिक्का, हे घरातलं पोरसुद्धा जाणून होतं.

दुपारी तो ठाण्याला नौपाड्यात मुलाकडच्यांच्या घरी पोचला तेव्हा सगळं ठीक होतं. वऱ्हाड आणि नवरदेवाचे वडील खोपटच्या स्टँडवरून बसने केव्हाच कल्याणला पुढे गेले होते. थंड गाडीत बसायचा मान दोघांचा, नवरदेव विश्रामराव आणि त्याची आई मंदाकिनीबाई. विश्रामराव पोस्टात होता, गरीब स्वभावाचा, आईसमोर तोंड न उघडणारा. मंदाकिनीबाई मात्र ठसठशीत बाई. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, चाकांवर पाणी घातलं, आणि मग दोन भाच्यांकडून एक हार बाहेर आणवला. झेंडूचा, सुतळीत ओवलेला आणि मनगटाएवढा जाड. कोपिनेश्वराच्या पिंडीशी ठेवून आणलेला. त्यांनी स्वतः उभं राहून तो गाडीच्या तोंडावर बांधून घेतला. पुढच्या जाळीवर वेढ्यावर वेढे, बंपरला गाठी, मग बॉनेटवरून आडवातिडवा. मधोमध नारळ. गाडीचं तोंड दिसेनासं झालं.

त्र्यंबकाने बुजलेल्या जाळीकडे पाहिलं. त्या जाळीतून वारा आत जातो आणि त्या वाऱ्यावरच यंत्राची तापलेली नळी निवते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जाळी बुजवायची म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर घोंगडं टाकायचं. पण बोलायचं कसं? आपण मुलीकडचे. त्याने हळूच विचारून पाहिलं, की काकू, हार टपावर बांधला तर जास्त शोभेल का. बाईंनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं की अक्षता पडेपर्यंत हार आहे तिथून हलायचा नाही. त्र्यंबक बरं म्हणाला आणि गाडीत बसला.

कशेळीचा पूल ओलांडेपर्यंत त्याची अब्रू शाबूत होती. गाडीत खरंच गारवा होता. विश्रामरावाने डोळे मिटून घेतले होते, मंदाकिनीबाईंनी शालू अंगाभोवती ओढून घेतला आणि हे बाई बरं आहे असं म्हणाल्या. बाहेर वैशाखाचं ऊन नुसतं रटरटत होतं. काचा बंद, धूळ बाहेर, शेतातले लोक उभे राहून बघताहेत. त्र्यंबकाला वाटलं की झालं, निभावलं.

भिवंडीच्या अलीकडे पहिली टकटक ऐकू आली.

ती त्याच्याखेरीज कोणालाच ऐकू आली नसती. बॉनेटखालून, दाराची कडी कोणी अदबीने वाजवावी तशी. त्याने वेग कमी केला तर ती कमी झाली, वाढवला तर वाढली. काँप्रेसरच होता, शंकाच नको. या गाडीतलं यंत्र बंद करायची सोयच नव्हती. इंजिन फिरलं की पट्ट्याने तेही फिरणार, मग तुम्हाला थंडी हवी असो वा नसो. बंद करायचं तर बॉनेट उघडून पट्टा काढायचा. आणि बॉनेट उघडायचं तर हार कापायचा.

त्याने आरशात पाहिलं. मंदाकिनीबाईंच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्याच की मघाचा गारवा आता येत नाही. त्र्यंबक हो म्हणाला. मग त्या म्हणाल्या की उलट गरमच झळ येतेय. त्यालाही तो हो म्हणाला. नानांनी हो म्हणायला सांगितलं होतं आणि तो इमानाने म्हणत होता, पण पाठ घामाने सीटला चिकटली होती आणि पायाखालची टकटक आता ठकठक झाली होती.

भिवंडी मागे पडली. आता गाडी थांबवून सांगावं का? सांगितलं तर बाई बिथरणार, नाही सांगितलं तर यंत्र जाम होणार. आज विचार केला तर कोणीही म्हणेल की अरे शहाण्या, सांगून टाक. पण मुलीच्या भावाच्या जागी बसल्याशिवाय ते कळायचं नाही. एक लग्न घटकाभराच्या उशिरावरून मोडलेलं ज्याने पाहिलंय त्याची जीभ टाळूला चिकटते. तो मनातल्या मनात यंत्राच्या हातापाया पडत होता, की बाबा, खाडीपर्यंत चल, पुढे मी बघतो.

यंत्राने ऐकलं नाही. कोनगाव दिसू लागलं आणि बॉनेटखालून एक लांब किंकाळी निघाली. गाडीला मागून कोणी धरून ओढावं तसा हिसका बसला आणि फटींतून निळसर धूर आला. जळक्या रबराचा वास आत भरला. त्र्यंबकाने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. पलीकडे खाडी होती, खाडीपल्याड दुर्गाडीचा बुरूज होता, आणि सूर्य पाठीमागे झुकायला लागला होता.

तो खाली उतरला. काँप्रेसर आतून जाम झाला होता. आता तसंच चालवलं तर तापलेला पट्टा तुटेल आणि तुटताना शेजारचा पंख्याचा पट्टाही घेऊन जाईल, मग गाडी इथेच. तो एक पट्टा कापून टाकला की गाडी साध्या गाडीसारखी कल्याणला जाईल, गार न होता पण वेळेवर. काम चिमूटभर होतं. आड येत होता तो फक्त झेंडू.

विश्रामराव उतरून मुंडावळ्या सावरत उभा राहिला. मंदाकिनीबाईही उतरल्या. एक गवताची लॉरी धुरळा उडवत गेली, ती थांबलीही नाही. मागून एक बैलगाडी येत होती, तिच्या चालीने पूल गाठायलाच दिवेलागण झाली असती. त्र्यंबकाने कोट काढला, हात जोडले आणि अखेर तोंड उघडलं. त्याने सगळं सांगितलं, यंत्र, पट्टा, बॉनेट. शेवटी म्हणाला, "काकू, हार कापावा लागेल. नाहीतर मुहूर्त जातो."

"हार कापायचा नाही," बाई म्हणाल्या.

"काकू, पाया पडतो तुमच्या."

"पाया पडू नका, ऐका." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "माझ्या थोरल्याच्या लग्नाला जाताना मोटारीचा हार वाटेत तुटला. लोक म्हणाले, काही होत नाही, गाठ मारा आणि चला. मीही म्हणाले, काही होत नाही. ती सून पोर माझ्या घरात एकच दिवाळी बघून गेली. आता तुमची बहीण येते आहे. मी पुन्हा काही होत नाही म्हणणार नाही."

रागावावं तर बाई सुमतीसाठीच घाबरली होती. त्र्यंबकाला पहिल्यांदा तिची दया आली आणि त्याच क्षणी भयंकर संतापही आला. तिकडे सुमती पिवळ्या साडीत बसून दाराकडे कान लावून असेल. नाना पुन्हापुन्हा रस्त्यावर येऊन बघत असतील. पुन्हा तेच, पुन्हा उशीर, आणि या खेपेला आणायला गेलेला सख्खा भाऊ.

त्याने खिशातून चाकू काढला. बाई दचकून पुढे झाल्या. "हाराला लावत नाही," तो म्हणाला, आणि विश्रामरावाला बॉनेटची कड धरायला सांगितली.

सुतळीच्या वेढ्यांनी बॉनेट आवळून धरलं होतं. दोघांनी जोर लावला तेव्हा ते वीतभर उचललं गेलं. त्या फटीतून वाफ आली. त्र्यंबकाने बाही वर केली आणि हात आत घातला.

आत दिसत काही नव्हतं, पण त्या यंत्राचा कोपरान् कोपरा त्याच्या बोटांना पाठ होता. पंखा लागला. पंख्याचा पट्टा लागला, तो नव्हे. त्याखाली काँप्रेसरची चाकी, आणि तिच्यावर ताठ झालेला दुसरा पट्टा. दंड बॉनेटच्या कडेला घासत होता, मनगट तापलेल्या नळीपासून बोटभर दूर होतं. तो दात खाऊन चाकू चालवू लागला. रबर चिवट होतं. घाम डोळ्यांत उतरत होता. विश्रामराव विचारत होता की होतंय का.

पट्टा एकदम तुटला. जोर लावलेला हात पुढे गेला, चाकू खाली पडला आणि मनगट नळी आणि लोखंडाच्या मध्ये जाऊन बसलं. घड्याळाचा पट्टा कशाततरी अडकला. त्र्यंबकाने हात ओढला, येईना. पुन्हा ओढला. नळी त्याच्या कातड्याला चिकटली होती.

त्याने ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पण घशातून आवाज निघालाच.

"उचला," तो म्हणाला. "वर उचला, विश्रामराव."

विश्रामरावाने सगळी ताकद लावली. सुतळी ताणली गेली, पण सुटेना. त्याने गाठीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. एवढा मोठा बाप्या, मुंडावळ्यांतून आईकडे बघत राहिला. त्र्यंबकाचा हात सोडवण्यासाठी हार तोडायलाही त्याला आईची परवानगी हवी होती.

मंदाकिनीबाईंनी तोपर्यंत कमरेची चंची सोडली होती. त्यांनी तिच्यातून सुपारीचा अडकित्ता काढला, रस्त्याच्या धुळीत शालूसकट गुडघे टेकले, आणि बंपरजवळची सुतळी त्याच्या पात्यांत धरली. त्यांचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होत्या की कोणाची माफी मागत होत्या ते त्यांनाच माहीत. एक दोर कटकन तुटला. मग दुसरा, मग तिसरा. फुलं मातीत ओघळली. विश्रामरावाने बॉनेट पूर्ण वर केलं आणि त्र्यंबकाचा हात बाहेर आला, मनगटापासून कोपराकडे लालभडक पट्टा उमटलेला.

बाईंनी तो हात धरला, पदर फाडला आणि बरोबर आणलेल्या थर्मासमधलं पाणी ओतून बांधला. "वेडा आहेस का रे तू," त्या म्हणाल्या. मघापर्यंत त्या त्याला अहोजाहो करत होत्या.

गाडी काचा उघड्या टाकून, तापत, धूळ खात पुलावरून गेली. मंडपाच्या दाराशी नाना उभे होते, त्यांच्या तोंडाचा रंग उडालेला होता. गाडी बघितल्यावर ते आत वळून भटजींना हाका मारू लागले. सीमांतपूजन घाईघाईने उरकलं, अंतरपाट धरला गेला, आणि भटजींनी शेवटच्या मंगलाष्टकाला आवाज चढवला तेव्हा गाई खरोखरच घरी परतत होत्या. अक्षता पडल्या. त्र्यंबकाने डाव्या हाताने टाकल्या.

नवरदेवाच्या वडिलांनी गाडीला हार दिसत नाही म्हणून विचारलंच. मंदाकिनीबाई म्हणाल्या की मी कापला, आणि पुढचा प्रश्न विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

जेवणं झाली, निघायची वेळ झाली. बायका रडारड करत होत्या. त्र्यंबकाच्या मनात मात्र भलतीच धाकधूक. या बाईच्या घरात आता सुमतीला साधी खोकल्याची उबळ आली तरी त्या हाराचा विषय निघणार. उद्या कोणी आजारी पडलं, कोणाचं काही बिनसलं, की बोट माझ्या बहिणीकडे. मुहूर्त साधला, पण कशाच्या बदल्यात? त्याने मंदाकिनीबाईंना मंडपामागे गाठलं आणि म्हणाला, "काकू, काही झालं तर दोष मला द्या. तिला देऊ नका."

बाई थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"दोष कसला देतोस वाटून," त्या म्हणाल्या. "तो दोर मी माझ्या हाताने कापलाय. थोरलीच्या वेळी मी गाफील राहिले. ताप होता पोरीला, मी म्हटलं, उतरेल. आता मला गाफील राहता येणार नाही. हिला शिंक आली तरी मी उठून बसणार आहे."

मग त्या गाडीत जाऊन बसल्या. सुमती दारापाशी घुटमळत होती, कुठे बसू ते तिला कळत नव्हतं. मंदाकिनीबाईंनी मुलाला पुढे त्र्यंबकाशेजारी बसायला सांगितलं, सुमतीला आपल्याजवळ ओढून घेतलं आणि तिचं मनगट धरलं. ठाणं येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.